चारठाण्याचा डबा

गुरुजींनी नकाशावर पेन्सिलीनं गोल काढला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. गोल काढला म्हणजे गेलो त्या रस्त्यानं परत यायचं नाही. या एका गोष्टीनं पुढं काय घोळ घातला ते सांगतोच.

गुरुजी म्हणजे आमचे शेजारी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मी एका पतसंस्थेत कॅशियर, म्हणून त्यांच्यासाठी मी 'कॅशियर'. त्यांच्याकडं बुलेट, माझ्याकडं बारा वर्षांची दीडशे सीसीची गाडी. बेत असा ठरला: छत्रपती संभाजीनगरहून जालना, जिंतूर, औंढा, नांदेड, लातूर, किल्लारी, नळदुर्ग, तुळजापूर आणि बीडवरून घरी. डिसेंबरचे शेवटचे पाच दिवस अन् जानेवारीचा पहिला. "मधे किल्लारी कशाला? बघण्यासारखं काय आहे तिथं?" असं मी विचारलं होतं. "रस्त्यात येतं," एवढंच ते म्हणाले.

पहिला दिवस : संभाजीनगर ते औंढा नागनाथ

सकाळी साडेसहाला निघालो. थंडी एवढी की पहिल्या अर्ध्या तासात बोटं ब्रेक दाबतात की नाही तेच कळेना. डिसेंबरात मराठवाड्यात गाडीवर निघणार असाल तर दुपारच्या उन्हावर जाऊ नका. पहाटेसाठी चांगले हातमोजे घ्या आणि छातीवर जॅकेटच्या आत एक वर्तमानपत्र सरकवा. वारा आत शिरत नाही.

जालन्याला पोहे खाल्ले. 'जालना सोने का पालना' ही म्हण लहानपणापासून ऐकतोय, पण आता जालना लोखंडाचा पालना झालाय. सळयांनी भरलेले ट्रक शहराबाहेर रांगेनं चालतात, सळया मागं वाव-दीड वाव बाहेर, टोकाला एखादी लाल चिंधी. अशा ट्रकच्या मागं चिकटून चालू नका. पुढं वाटूर फाटा, मंठा. दोन्ही बाजूंना तूर पिवळी पडलेली, कापसाची शेवटची वेचणी चाललेली, वेचणाऱ्या बायांच्या कमरेला ओट्या.

मंठ्याच्या पुढं, जिंतूरच्या अलीकडं चारठाणा लागतं. मुख्य रस्त्यापासून थोडं आत वळावं लागतं. मला वळायचं नव्हतं, गुरुजींना वळायचं होतं, म्हणून वळलो. बरं झालं. गावभर जुनी देवळं, कुणाच्या ओट्याला कोरीव शिळा, कुणाच्या गोठ्याच्या कडेला देवळाचा खांब. एक उंच नक्षीदार दगडी स्तंभ उघड्यावर एकटा उभा आहे. देऊळ कधी गेलं अन् हा का राहिला, असं वाटत राहतं. आणि एक बारव. बारवेच्या पायऱ्यांवर ऊन छान पडलं होतं, म्हणून तिथंच बसलो.

समोरच्या घराचं दार निळं. दारात एक मावशी सुपात तूर पाखडत होत्या. त्यांनी आमच्या गाड्या बघितल्या, गाड्यांवरच्या पिशव्या बघितल्या आणि विचारलं,

"घरी भांडन करून निघालात का काय?"

गुरुजी म्हणाले, "नाही हो मावशी, हिंडायला निघालो."

"ह्या वयात?"

मग चहा आला. मग "बसा जरा, तवा तापलेलाच हाय" असं म्हणत धपाटे आले. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, लसूण, तीळ, कोथिंबीर, वर दह्याची कवडी. धपाटं पातळ थापलं तर करपतं, जाड थापलं तर कच्चं राहतं. मावशींचं मधोमध होतं आणि कडा कुरकुरीत. मी चार खाल्ले. गुरुजींनी किती खाल्ले ते त्यांच्या घरी वाचतात म्हणून लिहीत नाही.

निघताना मावशींनी उरलेले आठ धपाटे आणि ठेच्याचा एक गोळा स्टीलच्या डब्यात भरून गुरुजींच्या हातात दिला. आम्ही नको नको म्हणालो. कागदात द्या म्हणालो.

"कागदात तेल सुटतंय. न्या डबा. येताना द्या."

"देतो की," गुरुजी म्हणाले.

जिंतूरला चहाच्या टपरीवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "गुरुजी, येताना म्हणजे कधी? आपण बीडकडून येणार." गुरुजी बशीतला चहा पीत राहिले. मग म्हणाले, "शब्द दिलाय, कॅशियर. नोंद करून ठेवा."

औंढ्याला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. नागनाथाचं देऊळ ज्योतिर्लिंगांपैकी एक. खालचा काळा दगडी भाग हत्ती, देव, नर्तिकांनी भरलेला आणि वरचा भाग नंतरचा, पांढरा. गाभारा जमिनीखाली आहे. उतरायची वाट अशी अरुंद की पोट आत ओढून, मान वाकवूनच जावं लागतं. गुडघ्याचा त्रास असेल तर जपून. नंदी इथं देवळाच्या मागं आहे. नामदेवांना पुढून कीर्तन करू दिलं नाही, ते मागं जाऊन गायला लागले, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं, ही कथा इथल्या शेंबड्या पोरालाही येते. नामदेवांना विसोबा खेचर गुरू भेटले तेही इथंच. गुरुजींनी ही गोष्ट तीस वर्षं चौथीच्या पोरांना सांगितलेली, तरी नंदीपाशी उभं राहून मला परत पूर्ण सांगितली.

रात्री भक्तनिवासात डब्यातले धपाटे संपवले. डबा धुवून उपडा ठेवला तेव्हा बुडाला टोच्यानं नाव घातलेलं दिसलं. आपल्याकडं भांड्यावर घालतात तसं. चला, मावशींचं नाव तरी कळलं.

दुसरा दिवस : औंढा ते नांदेड

छोटा टप्पा, साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. वसमतच्या आसपास हळदीची शेतं, पानं कडेनं वाळायला लागलेली. काढणी अजून लांब होती. फेब्रुवारीत आलात तर शिजवलेल्या हळदीचा वास रस्त्यावर सुद्धा येतो, असं पंपावरच्या पोरानं सांगितलं. रिकामा डबा माझ्या मागच्या पिशवीत होता. झाकण थोडं सैल, त्यामुळं प्रत्येक खड्ड्याला खडखड. वसमत ते नांदेड रिकामा डबा माझ्याशी बोलत होता.

सचखंड हजूर साहिबला दुपारी गेलो. गुरू गोविंदसिंगजी 1708 साली इथंच गेले. आजचं मुख्य गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधून घेतलं. डोक्याला रुमाल बांधावा लागतो, नसला तर तिथं मिळतो. लंगरात जेवलो आणि मग गुरुजी सरळ पोळ्या लाटणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले. मी लसूण सोलायला. शेजारी अमृतसरहून आलेलं एक म्हातारं जोडपं होतं. त्यांना मराठी येत नव्हती, मला पंजाबी येत नव्हती. दीड तास आम्ही लसणावर बोललो. आजींनी मला दाखवलं की पाकळी आधी तळहातात चोळायची, मग साल आपोआप सुटतं. आमच्या घरी आता तसंच करतो.

संध्याकाळी माझ्या गाडीची चेन सैल वाटली म्हणून एका गॅरेजवर थांबलो. मेकॅनिक पंचविशीतला सरदार, पण मराठी अस्सल नांदेडची. जन्म इथला, वडिलांचा जन्म इथला, पंजाब फक्त एका लग्नाला बघितलेला. चेन ताणता ताणता त्यानं क्लचचा दांडा दोनदा दाबून बघितला.

"सर, केबल जायलीय तुमची. दोन तार तुटलेत. बदलून टाकू का? पंधरा मिनिटं."

मी घड्याळ बघितलं. आठ वाजले होते. कॅशियर माणूस, मनात हिशोब केला. म्हटलं लातूरला बघू.

"लातूरला कोन असंल परवा? येळवस हाय." मला कळलं नाही. त्यानंही जास्त सांगितलं नाही. बिलाच्या मागं नंबर लिहिला. "अडलात तर व्हिडिओ कॉल करा."

तिसरा दिवस : नांदेड, माळेगाव, लातूर

लोह्याहून आत वळून कंधारचा किल्ला बघायचा होता. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं गाव, खंदकाचा किल्ला. राहिला. कारण लोह्याच्या पुढं माळेगाव आणि माळेगावात खंडोबाची यात्रा. रस्त्यावरच गर्दीत सापडलो आणि मग गाड्या एका पेंडीच्या दुकानामागं लावून त्या गर्दीतच शिरलो.

माळेगावची यात्रा म्हणजे जनावरांचा बाजार. घोडे, गाढवं, उंट, बैल, कुत्री सुद्धा. पाल ठोकून आठ-आठ दिवस राहिलेली माणसं. सगळीकडं भंडारा, 'येळकोट येळकोट जय मल्हार', एका बाजूला कुस्तीचा हलगीचा ताल. घोडा बघायला आलेला माणूस आधी त्याचे दात बघतो, मग पाय, मग चाल. आणि किंमत तोंडानं बोलायची नाही. दोघं रुमालाखाली हात घालतात आणि बोटांनी भाव करतात. चेहरा दगडासारखा. गुरुजी म्हणाले, "कॅशियर, तुमच्या पतसंस्थेत हे चालू करा."

एका घोडेवाल्या मामांपाशी बराच वेळ बसलो. परभणीकडचे, कपाळभर भंडारा, पांढरीशुभ्र घोडी. त्यांनी माझ्या हेल्मेटकडं बघून विचारलं, "गाडी काय ॲव्हरेज देती?"

"पन्नास."

"माझी घोडी रोज पेंड, हरबरा, गूळ खाती. पण तिला केबल न्हाई." मी केबलची गोष्ट त्यांना सांगितलेली होती, ही माझी चूक. मामांनी गुरुजींना घोडीवर बसवायचा आग्रह धरला. गुरुजी बसले. घोडी दोन पावलं चालली आणि थांबली. मामा म्हणाले, "मास्तर वळखले तिनं." फोटो आहे. गुरुजींनी तो इथं टाकू दिला नाही.

यात्रेला जायचं तर पाकीट पुढच्या खिशात, मोबाइल आतल्या खिशात, आणि गाडी मुख्य रस्त्यापासून लांब. धूळ एवढी की रात्री लातूरला नाक शिंकरलं तर पिवळं. लातूरला पोचलो तेव्हा नऊ वाजले. केबलचं दुकान बंद. "उद्या सकाळी घेऊ," मी म्हणालो.

चौथा दिवस : वेळ अमावस्या

सकाळी लॉजच्या खाली सुशीला खाल्ला. मुरमुरे भिजवून पोह्यासारखी फोडणी, वर शेव आणि लिंबू. पोह्यांपेक्षा हलका. गाडीवाला घाईघाईत आवरत होता. "नऊला बंद. येळवस हाय ना."

आणि मग कळलं. लातूरसारखं बाजाराचं गाव, आडत, क्लासेस, गर्दी, सगळं ओस. शटर खाली, रस्ते रिकामे. संचारबंदीत सुद्धा एवढं शांत नव्हतं. लातूर, धाराशिव आणि आजूबाजूच्या पट्ट्यात मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळी माणसं शेतात जातात. ज्याचं शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. मी इतकी वर्षं मराठवाड्यात राहतो, पण गोदावरीच्या अलीकडं हा सण नाही, त्यामुळं नुसतं ऐकून होतो. केबल कुठून मिळणार?

औसा मागं पडलं. लामजन्याच्या आधी एका वळणावर गिअर बदलायला दांडा दाबला आणि तो हातात नुसता लोंबला. गाडी दोन आचके देऊन बंद. गुरुजी पुढं गेलेले, दहा मिनिटांनी परत आले. काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत हेच जास्त लागलं.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. मात्र शेताशेतांत माणसं दिसत होती, रंगीत साड्या, हाका, हसणं. पाच मिनिटांत बांधावरून एक पोरगं पळत आलं, त्याच्यामागं धोतरातले एक गृहस्थ.

"कुठून आलाव?"

सांगितलं.

"जेवलाव का?"

केबलचं सांगितलं.

"ते बघू. आधी जेवन करा. आज कुनी उपाशी जाऊ ने शिवारातून."

त्यांना सगळे अण्णा म्हणत होते, आम्हीही म्हणायला लागलो. शेतात ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले, ते पांडव. त्यांची पूजा सकाळीच झालेली. घोंगडीवर पंगत बसली. भज्जी आली. नावावरून मला तळलेली भजी वाटली होती. ही तर ताकात शिजवलेली घट्ट भाजी. तूर, हरभरा, पावटा, वाटाणा, मेथी, कांद्याची पात, गाजर, शेंगदाणे, बोरं, चिंच, म्हणजे त्या दिवसात शिवारात जे जे असेल ते आणि बेसन. सोबत उकडलेले बाजरीचे उंडे, ते हातानं फोडून भज्जीत बुडवायचे. तिळाची पोळी, गव्हाची खीर. आणि मातीच्या बिंदग्यातली आंबील, ज्वारीचं पीठ ताकात आंबवलेलं, लसूण-जिऱ्याचा वास, थंडगार. तिसऱ्या वाटीनंतर क्लच केबल हा विषय माझ्या डोक्यातून गेला.

जेवणं झाल्यावर अण्णा आंबीलीचं भांडं घेऊन पिकातून फिरले, ज्वारीवर, हरभऱ्यावर शिंपत, आणि मागं पोरं 'ओलगे ओलगे' करत ओरडत. अर्थ विचारला तर अण्णा म्हणाले, "कानडीतलं हाय म्हनतेत. आमच्या आज्यानं म्हनलं, म्हनून आमी म्हनतोत." पुण्याहून आलेले त्यांचे भाचे, सुना, नातवंडं, सगळे मिळून पंचवीस-तीस माणसं. दिवाळीला न येणारी माणसं येळवसेला येतात. गुरुजींनी दहावीच्या नातवाला गाठलंच. "पाढे येतात का?" पोरगं बाभळीच्या झोक्यावर चढलं ते खाली उतरेना.

तीनच्या सुमारास नांदेडला व्हिडिओ कॉल लावला. सरदारजी आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "आता ऐका सर. केबल नसताना बी गाडी चालती." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कधीतरी उपयोगी पडेल. गाडी न्यूट्रलवर चालू करायची, दोघांनी ढकलून चालती करायची आणि चालत्या गाडीत हलकेच पहिला गिअर टाकायचा. वरचा गिअर टाकताना ॲक्सिलेटर क्षणभर पूर्ण सोडायचा आणि त्याच क्षणी पाय दाबायचा. थांबायचं असेल तर आधीच न्यूट्रल. गर्दीत हे करू नका. आमच्या रस्त्यावर गर्दीचा प्रश्नच नव्हता. भाच्यांनी ढकललं, पहिल्या दोन वेळा गाडी बेडकासारखी उडाली, तिसऱ्यांदा जमलं. अण्णांच्या घरापर्यंत सहा किलोमीटर मी एकदाही थांबलो नाही. एक म्हैस आडवी आली तेव्हा सुद्धा नाही. म्हैस थांबली.

अण्णांचं घर किल्लारीजवळच्या एका पुनर्वसित गावात. या गावांचे रस्ते सरळ, रुंद, चौकटीत आखलेले. घरं एकमेकांपासून लांब, बैठी. मराठवाड्यातल्या गावाला बोळ असतात, इथं बोळ नाहीत. रात्री अंगणात शेकोटीभोवती बसलो तेव्हा अण्णांनी सांगितलं. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बोळवले, माणसं दमून उशिरा झोपली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. घरं दगड-मातीची, भिंती दोन-दोन हात रुंद, वर मातीचं जड धाबं. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून बांधलेलं तेच अंगावर आलं. या भागात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. अण्णा त्या रात्री शेतात राखणीला होते, म्हणून राहिले. त्यांच्या घरातलं कोण कोण गेलं ते त्यांनी बोटं मोजत सांगितलं. एका हाताची बोटं पुरली नाहीत.

गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी आलो होतो तेव्हा. ऑक्टोबरच्या दोन तारखेला."

मला हे माहीत नव्हतं. बारा वर्षं शेजारी राहतोय. गुरुजी तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले. गल्लीगल्लीतून भाकरी गोळा करून भरलेल्या एका ट्रकवर बसून ते आले होते. पाऊस, चिखल, वास. भाकरी बांधून दिलेली फडकी, नेसूच्या साडीचे तुकडे, पंचे, रुमाल, कुणाकुणाचे. ते म्हणाले, "ट्रक रिकामा झाला आणि खाली त्या फडक्यांचा ढीग राहिला. आमच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, हे आता परत कुणाचं कुणाला द्यायचं? मी ती घरी नेऊन धुवून ठेवली होती. पुष्कळ वर्षं होती."

अण्णा म्हणाले, "त्या भाकरी म्या खाल्ल्यात." मग त्यांनी शेकोटीत एक लाकूड सारलं आणि विषय काढला, ज्वारीला यंदा चिकटा पडलाय का.

पाचवा दिवस : किल्लारी ते तुळजापूर

सकाळी मेकॅनिक आला. काल तोही शेतात होता. पंधरा मिनिटांत केबल बदलली. सरदारजीनं पंधरा मिनिटंच म्हटलं होतं. काकूंनी चारठाण्याचा डबा मागून घेतला आणि उंडे, तिळाच्या पोळ्या भरून दिल्या. पिशवीतली खडखड बंद झाली. जुन्या किल्लारीच्या गावठाणात अण्णा स्वतः घेऊन गेले. बाभळी माजल्यात, मधूनच एखादी भिंत. आम्ही तिथं फार थांबलो नाही.

उमरग्याहून सोलापूर-हैदराबाद महामार्ग. रस्ता उत्तम, त्यामुळं सांगण्यासारखं काही नाही. नळदुर्गचा किल्ला मात्र वेळ काढून बघा. बोरी नदी अडवून बांधलेल्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला. पावसाळ्यात भिंतीवरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात आणि आत महालात बसून पाण्याचा पडदा बघता येतो. आम्ही डिसेंबरात, त्यामुळं धबधब्याच्या जागी शेवाळाचे पट्टे. ऑगस्ट-सप्टेंबरात यावं. उपळी बुरुजावर चढलो, वरून सगळा किल्ला आणि तोफा. तिथं हैदराबादहून आलेली चार पोरं भेटली, त्यांना काकूंच्या तिळाच्या पोळ्या दिल्या. डबा अर्धा झाला.

तुळजापूरला 31 डिसेंबरची गर्दी. दर्शनाची रांग बघून गुरुजींनी कळसाला हात जोडले. "आई राजा उदो उदो. आपल्याला आई बाहेरून बी ओळखती." कुठल्याही मोठ्या सुट्टीला इथं राहायचं असेल तर खोली आधी सांगून ठेवा. आम्ही ठेवली नव्हती. दोन तास हिंडून एका पुजाऱ्यांच्या माडीवर चटई मिळाली.

सहावा दिवस : तुळजापूर ते घर

लांब टप्पा, अडीचशे किलोमीटरच्या वर. धाराशिव, येरमाळा, मांजरसुंबा, बीड, गेवराई, शहागडला गोदावरी, आडूळ, घर. सरमकुंडी फाट्यावर कुंथलगिरीचा पेढा घेतला. खव्याचा खरपूस, तपकिरी, साखर कमी. पाव किलोवर थांबता येत नाही.

या रस्त्याचा धोका एकच, उसाच्या ट्रॉल्या. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. अंधार पडल्यावर इथं गाडी चालवू नका, एवढं माझं ऐका. बालाघाटातली गावं या दिवसांत अर्धी रिकामी असतात, माणसं कोयता घेऊन कारखान्यांकडं गेलेली. चौसाळ्याजवळ एका हॉटेलात चहा देणारा दहा-अकरा वर्षांचा पोरगा होता. गुरुजींनी सवयीनं विचारलं, "कितवीला?" "पाचवीला," तो म्हणाला. "शाळा?" "आई-बाप आल्यावर." गुरुजींनी त्याला पेढा दिला आणि मग गेवराईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

घरी पोचलो तेव्हा किलोमीटर मीटरवर 914 वाढलेले. डब्यात दोन उंडे उरलेले, दगडासारखे. बायकोनं ते कुकरमध्ये वाफवून खाल्ले आणि डबा घासून ओट्यावर ठेवला.

आणि एक जादा दिवस

संक्रांतीला गुरुजी सकाळी सातला दारात. हेल्मेट घालून. "चला कॅशियर. येताना द्या म्हणाल्या होत्या."

डबा रिकामा तर न्यायचा नाही. गुरुजींच्या घरच्या गूळपोळ्या, आमच्या घरचा तिळगूळ. झाकण बसेना एवढा भरला. दीडशेच्या आसपास किलोमीटर, दुपारच्या आत चारठाणा. बारव, निळं दार. मावशी दारातच होत्या, सूप तेच, आता त्यात हरभरा.

गुरुजींनी मोठ्या अदबीनं, डब्याच्या बुडावरचं नाव घेऊन हाक मारली. मावशी इकडंतिकडं बघायला लागल्या.

"ती व्हय? ती शेजारीन माझी." मग डब्याकडं बघून हसायला लागल्या. "अगं बाई, तिचाच डबा दिला का म्या तुमाला! पंधरवडा झाला, ती मला मागायलीय. म्या म्हनलं, माझ्याकडं न्हाईच. दोनदा भांडली माझ्याशी."

शेजारीण आली. डबा उलटा करून नाव वाचलं. आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग झाकण उघडलं आणि गूळपोळी बघून जरा शांत झाली. अर्ध्या पोळ्या मावशींना, अर्ध्या स्वतःला. पुन्हा चहा, पुन्हा धपाटे. निघताना मावशींनी डबा ओढून घेतला, तर शेजारीण म्हणाली, "थांब, माझा हाय, म्याच भरीन." आणि दारापुढच्या झाडाची बोरं भरून दिली. वरून मावशींनी हरभऱ्याचे डहाळे पिशवीत कोंबले.

"डबा येताना द्या," शेजारीण म्हणाली.

आत्ता तो आमच्या ओट्यावर आहे. बोरं संपली. गुरुजी काल विचारत होते, मार्चमध्ये पतसंस्थेला सुट्टी कधी आहे.